लंडनच्या टेकडीवरचा सुवर्णदुर्ग : सेव्हर्नड्रूग कॅसल पाहायला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्याजवळच्या रानात विटांचा एक तीनकोनी मनोरा उभा आहे आणि त्याला आपल्या हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाचं नाव आहे. लंडनमध्ये राहणारी आणि पाहुणी म्हणून येणारी मराठी मंडळी या मनोऱ्याबद्दल मला जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. चहा पिऊन, फोटो काढून परत यायचं असेल तर शेवटचे पाच-सहा प्रश्न वाचले तरी भागेल. पण माझी विनंती आहे की मधले प्रश्नही वाचूनच जिना चढा.

हा खराखुरा किल्ला आहे का?

नाही. नावात कॅसल आहे, माथ्यावर चर्या आहेत, तिन्ही कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज आहेत. पण इथे शिबंदी कधी राहिली नाही आणि इथून लढाईही कधी झाली नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधले धनिक आपापल्या इस्टेटीत अशा वास्तू हौसेने बांधत. कुणी ग्रीक देवळासारखं देऊळ उभारी, कुणी मुद्दाम पडका दिसणारा मठ, तर कुणी नुसताच मनोरा. दूरवरच्या हवेलीतून नजर जाईल तिथे काहीतरी देखणं असावं, एवढाच त्यांचा हेतू. अशा वास्तूला इंग्रजीत ‘फॉली’ म्हणतात. शब्दशः अर्थ वेडेपणा, पण आता तो वास्तुप्रकाराचा रूढ शब्द झाला आहे.

हा मनोरा मात्र नुसत्या शोभेचा नाही. एका विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी तो बांधला. त्यामुळे मला तो आपल्याकडच्या छत्रीच्या जवळचा वाटतो. फरक इतकाच की इथे कुणाची समाधी नाही.

सुवर्णदुर्गचं सेव्हर्नड्रूग कसं झालं?

इंग्रजांच्या कानांनी आणि लेखणीने. ‘दुर्ग’चं त्यांनी सरसकट ‘ड्रूग’ केलं आणि ‘सुवर्ण’चं ‘सेव्हर्न’. त्यांच्या देशात सेव्हर्न नावाची मोठी नदी आहे, त्यामुळे हा उच्चार त्यांच्या जिभेवर सहज बसला असावा. आजही काही लोकांना या मनोऱ्याचा त्या नदीशी संबंध वाटतो. तसा काहीही संबंध नाही.

आणखी एक घोटाळा होतो. बंगळुरूजवळच्या सावनदुर्गाचं नावही जुन्या इंग्रजी कागदांत जवळपास असंच लिहिलेलं सापडतं. तो किल्ला इंग्रजांनी टिपूविरुद्धच्या युद्धात १७९१ साली घेतला. हा मनोरा १७८४चा, म्हणजे त्याच्या सात वर्षं आधीचा. तेव्हा इथलं नाव कोकणातल्या सुवर्णदुर्गाचंच.

हा कुणाचा स्मारक-मनोरा आहे?

सर विल्यम जेम्स यांचा. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या परिसरात सामान्य घरात जन्मलेला हा माणूस लहानपणीच समुद्रावर गेला, १७४७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७५१मध्ये कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, म्हणजे बॉम्बे मरीनचा, प्रमुख झाला. सुवर्णदुर्गच्या मोहिमेने त्याचं नाव झालं, पुढे पैसाही झाला. १७५९ साली तो मायदेशी परतला. एल्टममधली पार्क फार्म प्लेस ही इस्टेट त्याने घेतली, पार्लमेंटात गेला, कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि १७७८मध्ये त्याला बॅरोनेटचा किताब मिळाला.

१६ डिसेंबर १७८३ रोजी, मुलीच्या लग्नाच्याच दिवशी, तो अचानक वारला. पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीने, लेडी अ‍ॅन जेम्सने, हा मनोरा उभा केला. आराखडा रिचर्ड जप याचा. तो कंपनीचाच वास्तुविशारद. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या मुख्य कचेरीची पुनर्बांधणीही पुढे त्यानेच आखली. थोडक्यात, नवरा कंपनीचा, विशारद कंपनीचा आणि पैसा कोकणच्या किनाऱ्यावरून सुरू झालेल्या नशिबाचा.

२ एप्रिल १७५५ला सुवर्णदुर्गावर नक्की काय झालं?

त्या वेळी सुवर्णदुर्ग कान्होजी आंग्र्यांचे पुत्र तुळाजी यांच्या ताब्यात होता. किल्ला बेटावर, समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन सोबती. बेटाच्या तटाचा बराच भाग तिथलाच कातळ तासून काढलेला आहे. ज्यांनी होडीतून तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, कातळ कुठे संपतो आणि रचलेला दगड कुठे सुरू होतो हे पटकन कळत नाही.

जेम्स मुंबईहून ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज आणि काही लहान जहाजं घेऊन निघाला. त्यांत ‘व्हायपर’ आणि ‘ट्रायम्फ’ ही उखळी तोफांची जहाजं होती. सोबत पेशव्यांच्या गुराबा आणि गलबतं होती. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना पेशव्यांच्या फौजेने वेढा घातला होता. इंग्रजी वर्णनांप्रमाणे जेम्सने आधी किल्ल्याभोवतीच्या पाण्याची खोली मोजून घेतली आणि मग जहाजं अगदी जवळ नेऊन मारा सुरू केला. पहिल्या बाजूचा तट कातळाचा, त्यावर गोळ्यांचा परिणाम होईना. तेव्हा त्याने बाजू बदलली. उखळी गोळ्याने आत आग लागली, ती दारूच्या कोठारापर्यंत पोचली आणि कोठार उडालं. आतली माणसं होड्यांतून बाहेर पडू लागली.

तरी किल्ला लगेच हाती आला नाही. गोवा किल्ल्यातला किल्लेदार निवडक माणसं घेऊन रात्री खाडी ओलांडून सुवर्णदुर्गात शिरला. तुळाजींची मदत येईपर्यंत तग धरायचा, असा त्याचा इरादा होता. शेवटी जहाजांच्या माऱ्याच्या आडून इंग्रज खलाशी बेटावर उतरले, त्यांनी कुऱ्हाडींनी दिंडी फोडली आणि मग किल्ला पडला. मदत आलीच नाही. मनोऱ्याच्या जिन्यावर चढताना मला दर वेळी आठवतो तो हा किल्लेदार. त्याचं नाव मनोऱ्याच्या दारावरच्या दगडी पाटीवर नाही.

म्हणजे पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते?

हो. हे मान्य करणं आपल्याला जड जातं, पण टाळून चालणार नाही.

कान्होजी आंग्र्यांच्या निधनानंतर (१७२९) त्यांच्या मुलांमध्ये वाटण्या आणि भांडणं झाली. तुळाजी कर्तबगार होते, पण पुण्याला जुमानत नव्हते. पेशव्यांच्या मुलखाला त्यांचा उपद्रव होत होता, हेही खरं. नानासाहेब पेशव्यांना त्यांचा बंदोबस्त करायचा होता, आणि मुंबईकर इंग्रजांना तर आंग्र्यांचं आरमार दोन पिढ्या डोळ्यांत खुपत होतं. कोकणातले पेशव्यांचे अधिकारी रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात मार्च १७५५मध्ये बोलणं पक्कं झालं आणि एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. किल्ला पेशव्यांना मिळाला. इंग्रजांच्या वाट्याला बाणकोट आला. त्याचं त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया केलं.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. बंदरात नांगरलेलं तुळाजींचं आरमार तिथे जळालं. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागले आणि उरलेलं आयुष्य वेगवेगळ्या किल्ल्यांवर कैदेत काढून मेले.

तुळाजींना वठणीवर आणणं आणि मराठ्यांचं आरमार बुडवणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पुण्याच्या दरबाराने पहिलीच्या नादात दुसरी होऊ दिली, असं माझं मत आहे. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना समुद्रात अडवील असं बळ त्यानंतर मराठ्यांकडे पुन्हा उभं राहिलं नाही. सत्तेचाळीस वर्षांनी दुसरा बाजीराव यशवंतराव होळकरांपुढून पळाला तेव्हा तो याच सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आला, आणि तिथून इंग्रजांच्या मदतीने वसईला जाऊन तह करून बसला.

दारावरच्या पाटीवर काय लिहिलं आहे?

दारावर दगडी पाटी आहे, ती जिना चढण्याआधी सावकाश वाचा. ही वास्तू १७८४ साली दिवंगत सर विल्यम जेम्स यांच्या वारसाने उभारली. कंपनीच्या आरमाराचा प्रमुख असताना त्याने पूर्वेकडे गाजवलेल्या पराक्रमाची, आणि विशेष करून मलबार किनाऱ्यावरचा सुवर्णदुर्ग २ एप्रिल १७५५ रोजी जिंकल्याची, ती आठवण आहे, असा तिचा आशय.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, ‘मलबार’ हा शब्द. त्या काळचे युरोपीय लोक आपला सगळाच पश्चिम किनारा मलबार म्हणून मोकळे होत. प्रत्यक्षात हा कोकण, रत्नागिरी जिल्हा, दापोली तालुका. दुसरी, पाटीवर सगळं श्रेय एका माणसाच्या शौर्याला आणि कौशल्याला आहे. आंग्र्यांचा उल्लेख नाही आणि बरोबर लढलेल्या पेशव्यांच्या माणसांचाही नाही. स्मारकं अशीच असतात. म्हणूनच उरलेली हकीकत आपण बरोबर घेऊन जायची.

इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणतात. ते बरोबर आहे का?

बरोबर नाही. कान्होजी हे सरखेल, म्हणजे मराठी राज्याच्या आरमाराचे प्रमुख होते. आपल्या समुद्रातून माल न्यायचा तर आपलं दस्तक घ्यावं, ही त्यांची मागणी होती. न घेणाऱ्याचं जहाज ते धरत. पोर्तुगीज हेच दोनेकशे वर्षं करत आले होते आणि इंग्रजही आपले परवाने देत होते. आंग्र्यांनी केलं की मात्र त्याला लूट म्हणायचं, हे एका बाजूचं बोलणं झालं. तुळाजींच्या काळात हिशेबाची ही शिस्त सैलावली असेल. पण लंडनच्या एखाद्या माहितीफलकावर ‘पायरेट’ हा शब्द दिसला तर मुलांना तिथेच थांबवून दुसरी बाजू जरूर सांगा.

मनोरा पडीक होता म्हणतात. मग वाचला कसा?

जेम्स घराण्यानंतर इस्टेट हातोहात फिरली. १९२२ साली लंडन काउंटी कौन्सिलने मनोरा घेतला आणि लोकांसाठी खुला केला; तळमजल्यावर चहाची खोली होती. पुढे त्याच्या जागी आलेलं ग्रेटर लंडन कौन्सिलच १९८६मध्ये बरखास्त झालं, मनोरा ग्रीनिचच्या स्थानिक कौन्सिलकडे आला, आणि खर्च झेपेना म्हणून १९८८मध्ये दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद झाल्या. पावसाळी देशात बंद इमारतीचं काय होतं हे सांगायला नको.

त्याची कचेरी करायचा घाट घातला गेला तेव्हा आसपासचे रहिवासी उभे राहिले. २००२मध्ये त्यांनी मनोऱ्याच्या जतनासाठी न्यास स्थापन केला. २००४मध्ये बीबीसीच्या ‘रेस्टोरेशन’ या, जतनासाठी वास्तू निवडणाऱ्या स्पर्धेच्या मालिकेत मनोरा झळकला. तिथे तो जिंकला नाही, तरी लोकांच्या लक्षात राहिला. नंतर हेरिटेज लॉटरी फंडाचा पैसा मिळाला, २०१३मध्ये काम सुरू झालं आणि जुलै २०१४मध्ये दार पुन्हा उघडलं. सव्वीस वर्षं बंद असलेली वास्तू लोकांच्या चिकाटीने उघडली याचं मला मनापासून कौतुक आहे. स्मारक कुणाचं, हा प्रश्न वेगळा. वारसा सांभाळायची त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. आजही दारात स्वागत करणारे आणि चहा देणारे हात स्वयंसेवकांचे असतात.

आत काय पाहायला मिळतं?

जागा लहान आहे, दालनांमागून दालनं अशी अपेक्षा ठेवू नका. मनोरा ६३ फूट उंच. तीनकोनी आराखड्यामुळे आतल्या खोल्यांचे आकार मजेशीर झाले आहेत, टोकदार कमानींच्या खिडक्यांतून रानाचा हिरवा उजेड आत येतो. वरच्या खोलीचं छत आणि त्यावरचं चुन्याचं नक्षीकाम मान वर करून पाहा.

जुन्या वर्णनांत तळमजल्यावर १७५५च्या लढाईतून आणलेली म्हणून चिलखतं, भाले, ढाली आणि तलवारी मांडल्या होत्या, आणि वरच्या छतावर सागरी लढायांची चित्रं होती, असं आहे. ती हत्यारं आता तिथे नाहीत. आपल्या माणसांच्या हातातल्या ढाली या खोलीत भिंतीला टांगलेल्या होत्या, हे माहीत असलं की ती रिकामी भिंतही वेगळी दिसते.

गच्चीवरून काय दिसतं?

टेकडी समुद्रसपाटीपासून १३२ मीटर, त्यावर मनोरा, त्यामुळे लंडनचा मोठा पट्टा एका नजरेत येतो. एका बाजूला कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे, शार्ड, थेम्सची वळणं. दुसऱ्या बाजूला केंटकडे उतरत गेलेली हिरवळ. हवा स्वच्छ असली तर सात काउंट्या दिसतात असं तिथे अभिमानाने सांगतात. ऑक्टोबरअखेरची कोरडी सकाळ मला सगळ्यात आवडते. खाली ओक्सलीजचं रान तांबूस झालेलं असतं.

याच उंचीमुळे जनरल विल्यम रॉय यांनी ग्रीनिच आणि पॅरिस इथल्या वेधशाळा जोडणाऱ्या त्रिकोणमितीय मोजणीसाठी हा मनोरा वापरला. १८४८मध्ये लंडनच्या मोजणीसाठी रॉयल इंजिनिअर्सही इथे आले होते.

कधी उघडा असतो? तिकीट लागतं का?

मनोरा रोज उघडा नसतो. मुख्यतः रविवारी उघडतो, हिवाळ्यात लवकर मिटतो, आणि लग्नासारख्या कार्यक्रमांना भाड्यानेही देतात. म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ पाहा. तळमजल्यावर चहा-केक घ्यायला तिकीट नको, गच्चीवर जायला लागतं. बंद दिवशी गेलात तरी बाहेरून मनोरा आणि पाटी पाहता येते, कारण भोवतालचं रान सार्वजनिक आहे.

कसं पोचायचं?

बसने सगळ्यात सोपं. ८९ आणि ४८६ क्रमांकाच्या बसेस शूटर्स हिलच्या रस्त्याने जातात. उतरून रानातल्या वाटेने थोडं चाललं की मनोरा समोर येतो. रेल्वेने यायचं तर लंडन ब्रिजहून एल्टम किंवा फाल्कनवुड. तिथून चढ आहे, पण वाट सुंदर आहे. एल्टमच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘एच’चा उच्चार होत नाही, रस्ता विचारताना ‘एल्टम’च म्हणा.

चालायची आवड असेल त्यांनी वुलिचला उतरून कॅपिटल रिंग या पायवाटेचा पहिला टप्पा धरावा. तो मनोऱ्याच्या पायथ्याशी येऊन पुढे ओक्सलीज वुडमधून फाल्कनवुडला उतरतो. हे रान आठ हजार वर्षांहून जुनं मानतात. ते तोडून मोठा रस्ता नेण्याची योजना लोकांनी लढून १९९३मध्ये थांबवली. पाऊस झाला असेल तर वाटेत भरपूर चिखल असतो, चांगले बूट घाला.

आई-बाबा आले आहेत, त्यांना झेपेल का? मुलांचं काय?

गच्चीपर्यंत ८६ पायऱ्या आहेत, जिना अरुंद आणि गोल फिरणारा, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी खाली चहा घेत बसावं; कुणी घाई करत नाही. आपल्या गडांवर चढलेल्यांना हा जिना म्हणजे काहीच नाही, पण उतरताना बाजूची दोरी-कठडा धरा. मुलांना तीन बुरुजांचा हा आकार फार आवडतो. त्यांना घरीच आंग्र्यांची गोष्ट सांगून ठेवली तर पाटीवरचं सुवर्णदुर्गाचं नाव ती स्वतः ओळखतात.

जोडून आणखी काय पाहावं?

जवळच एल्टम पॅलेस आहे. मध्ययुगीन राजवाड्याच्या भव्य दिवाणखान्याला चिकटून १९३०च्या दशकातलं अत्यंत देखणं घर, असा तो जोड आहे. अर्धा दिवस सहज जातो. मराठी माणसाने मात्र ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमची जोड द्यावी, असा माझा आग्रह. विल्यम जेम्सचं जोशुआ रेनॉल्ड्सने काढलेलं व्यक्तिचित्र आणि डॉमिनिक सेरेसचं विजयदुर्गाच्या (इंग्रजांच्या भाषेत घेरियाच्या) पाडावाचं चित्र त्यांच्या संग्रहात आहे. संग्रहातलं प्रत्येक चित्र कायम भिंतीवर नसतं, तेव्हा आधी चौकशी करून जा.

आणि मूळ सुवर्णदुर्ग?

तो जरूर पाहा. शक्य असेल तर आधी तो आणि मग हा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यात सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्गही आहे. दापोलीहून हर्णै बंदर गाठायचं आणि तिथून होडी करायची. दरवाजाजवळ दगडात कोरलेलं कासव आणि मारुती आहे, ते पाहायचं विसरू नका. आत झाडी माजलेली असते, टोपी आणि प्यायचं पाणी आपणच न्यायचं. होडीवाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवून घ्या, आणि भरती-ओहोटीबद्दल तो सांगेल तेच प्रमाण माना. पावसाळ्यात होड्या बंद असतात. त्या दिवसांत कनकदुर्गाच्या टोकावर दीपगृहाशी उभं राहिलं की समोर लाटांत तो काळा तट दिसतो. तिथूनच संध्याकाळी हर्णैच्या मासळीच्या लिलावाचा गलबला ऐकू येतो.